नापासाची पावती मागा

"पीयूसी होईल एवढं करून द्या, बाकीचं नंतर बघू."

माझ्या गॅरेजात हे वाक्य ज्यांच्याकडून येतं ती बेफिकीर माणसं नसतात. त्यात शिक्षक असतात, बँकेतले असतात, शेंद्र्याला शिफ्टला जाणारे असतात, वैजापूर-गंगापूरकडून कापसाच्या पैशातून जुनी गाडी घेतलेले शेतकरी असतात. गाडी काळा धूर मारते, सिग्नलला मागचा दुचाकीवाला नाकाला रुमाल लावतो, सायलेन्सरमधून सडक्या अंड्यांचा वास येतो, हे त्यांना दिसत असतं. पण त्यांना बजावलेलं असतं ते कागदाबद्दल. पोलिसाला दाखवायला आणि मोबाइलमध्ये ठेवायला कागद हवा. धुराचं कारण कोणी विचारत नाही, म्हणून तेही विचारत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासला माझं गॅरेज आहे. त्याआधी रेल्वे स्टेशन रोडच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स केला आणि मोंढ्यात एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो. त्यांच्याकडे ना स्कॅनर होता ना गॅस अॅनालायझर. ते धुतलेलं पांढरं फडकं सायलेन्सरच्या तोंडासमोर धरत आणि आम्हा पोरांना फिरवून दाखवत. कोरडी काळी पूड बसली तर इंधन जास्त जातंय. तेलकट डाग पडला तर इंजिन ऑइल जळतंय. फडकं नुसतं ओलं झालं आणि वास गोडसर आला तर रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. आज माझ्याकडे स्कॅनर आहे, पण गाडी आली की पहिलं काम मी आजही मागे जाऊन उभं राहण्याचंच करतो. धूर आणि वास ही इंजिनने दिलेली माहिती आहे. ती दाबून टाकायची, मशीनवर आकडा तेवढा खाली आणायचा, याला आपण या शहरात दुरुस्ती म्हणायला लागलो आहोत. त्याविरुद्ध मला बोलायचं आहे.

पीयूसी केंद्रावर काय होतं ते आधी पाहू. गाडी न्यूट्रलला सुरू ठेवतात आणि सायलेन्सरमध्ये नळी सरकवतात. पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवरची कार असेल तर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि न जळलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन, पीपीएममध्ये मोजतात. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाडीला मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. बीएस-२, बीएस-३ च्या गाडीला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. नव्या गाड्यांना आणखी एक चाचणी आहे: रेस अडीच हजार आरपीएमच्या आसपास धरायची आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत, लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये यायला हवा. डिझेल गाडीत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धुराची घनता बघतात. बीएस-४ ला ती १.६२ आणि बीएस-६ ला ०.७ पर्यंत चालते.

मला विचाराल तर यातला सगळ्यात बोलका आकडा लॅम्डाचा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बरोबर जमलं की लॅम्डा १ येतो. तो ०.९४ आला तर इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय, आम्ही त्याला मिक्श्चर रिच झालं म्हणतो. लॅम्डा वर गेला आणि तरीही कार्बन मोनॉक्साइड जास्त दिसतोय, तर मी प्लग खोलायच्या आधी सायलेन्सरची पाइप तपासतो, कारण कुठल्यातरी सांध्यातून किंवा गंजलेल्या भोकातून बाहेरची हवा आत खेचली जात असते. एवढी माहिती सव्वाशे-दीडशे रुपयांच्या त्या चाचणीत मिळू शकते. पण गाडीवाला फक्त तारीख वाचतो, आणि केंद्रावरच्या पोराला दुसरं काही समजावून सांगायला कोणी शिकवलेलंच नसतं.

त्या चाचणीत काय दिसत नाही, तेही सांगायला हवं. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. पेट्रोल गाडीतून निघणारे सूक्ष्म कण मोजले जात नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, इंजिनावर भार नसतो. जालना रोडला सेव्हन हिल्सचा उड्डाणपूल चढताना, पाच माणसं आणि एसी घेऊन, दुसऱ्या गिअरला इंजिन जे करतं ते उभ्या गाडीच्या तपासणीत उमटत नाही. पीयूसी म्हणजे थर्मामीटर. त्यात ताप दिसला तर आजार नक्की आहे, पण दिसला नाही म्हणून माणूस धडधाकट ठरत नाही.

एका गाडीची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आपल्या गावाचा सगळा इतिहास सापडतो. गेल्या हिवाळ्यात सिडकोतले एक निवृत्त गृहस्थ आले. बीएस-४ पेट्रोल कार, रनिंग फार नाही, पीयूसी पास. तक्रार अशी की सायलेन्सरच्या टोकाला काजळी साचते, ओव्हरटेक करताना मागे काळं जातं, ॲव्हरेज पडलंय आणि गाडी लावल्यावर अंगणात सडक्या अंड्यांचा वास राहतो. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांना कॅट-कॉन, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गेलाय असं सांगितलं होतं. नवा बसवायला मोठा खर्च. नको असेल तर आतली जाळी फोडून रिकामा डबा तसाच लावून देतो, म्हणाले. काका बिचारे पेन्शनचा हिशेब करत बसले होते.

स्कॅनर लावला आणि गाडी हर्सूलपर्यंत चालवून आणली. माझं लक्ष एकाच आकड्यावर होतं, कूलंटच्या तापमानावर. एवढं अंतर चालल्यावर तो नव्वदच्या आसपास स्थिरावायला हवा. तो साठीच्या वर जातच नव्हता. थर्मोस्टॅटचं झाकण खोललं तर आत काहीच नव्हतं. व्हॉल्व्ह काढून टाकलेला.

आपल्याकडे हे सर्रास चालतं. मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो, गाडी गरम होते, आणि मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू, पाणी सारखं फिरत राहील. गाडी त्या वेळी गार होते, गिऱ्हाईक खूश होतं. पण थर्मोस्टॅटचं काम इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देण्याचं आहे. तो काढला की हिवाळ्यात इंजिन कधी पूर्ण तापतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं, गाडी नुकतीच सुरू झालीय, अजून थंड आहे. म्हणून पिकअप घेताना तो जास्त पेट्रोल सोडतो. ते पूर्ण जळत नाही, काजळी होते, काही थेंब सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतात. मी काकांना डिपस्टिक काढून हुंगायला दिली. पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. न्यूट्रलला उभ्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिक्श्चर सांभाळून घेतो, त्यामुळे पीयूसीत सगळं ठीक दिसतं. रस्त्यावर मात्र पाय दाबला की काळं.

आणि तो सडक्या अंड्यांचा वास? पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, तेव्हापासून ते १० पीपीएमपर्यंत खाली आलंय. बीएस-४ च्या काळात ५० होतं. कन्व्हर्टर हे गंधक धरून ठेवतो, आणि सारखं रिच मिक्श्चर आत येत राहिलं की ते हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. इतक्या स्वच्छ इंधनातही वास येतोय, तर कन्व्हर्टरवर दोष टाकण्याआधी त्याच्या आत काय शिरतंय ते बघायला हवं. (बॅटरी जास्त चार्ज होत असली तरी असाच वास येतो, तेव्हा बॉनेट उघडून तिकडेही नाक न्यावं.)

थर्मोस्टॅट नवा टाकला, तोही कन्व्हर्टरच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशात. प्लग साफ केले, ऑइल बदललं, आणि काकांना सांगितलं की एकदा करमाडपर्यंत सलग, चांगल्या वेगाने चालवून आणा. कन्व्हर्टरला काम सुरू करायलाच अडीचशे-तीनशे अंश तापमान लागतं. घर ते भाजी मंडई एवढंच फिरणाऱ्या गाडीला ते मिळतच नाही. आठवडाभरात काजळी थांबली, वास गेला. जो डबा फोडून रिकामा करायचा होता, तो चांगला निघाला.

पण मुळात ती गाडी उन्हाळ्यात गरम का होत होती? त्यासाठी रेडिएटर उतरवला. आत पांढरा क्षाराचा थर, निम्म्या नळ्या बंद. बोअरचं पाणी. या शहरात जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, हे मी सांगायला नको. पिण्याचं पाणी जपून वापरायचं म्हणून गाडीत टँकरचं नाहीतर बोअरचं जड पाणी पडतं. कूलंट ही थंड प्रदेशातली गोष्ट आहे असा समज आपल्याकडे पक्का आहे. खरं तर कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि आतून गंज, क्षार धरत नाही, म्हणजे ते मराठवाड्यात जास्त लागतं. पाणीटंचाईतून क्षार, क्षारातून गरम होणं, त्यातून काढलेला थर्मोस्टॅट आणि त्यातून काळा धूर, असा हा सगळा प्रवास. पीयूसीच्या मशीनला यातलं काही कळणं शक्य नव्हतं. ते माणसालाच शोधावं लागतं, आणि शोधायला वेळ लागतो.

याच क्षारापायी दुसऱ्या गाड्यांचं हेड गॅस्केट जातं. तिथे धूर पांढरा. इथे एक सावधगिरी सांगतो, कारण डिसेंबरात पांढरा धूर दिसला की लोक घाबरून येतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं; थंड सकाळी ते वाफेच्या रूपाने दिसतं, सायलेन्सरमधून टपकतं, आणि गाडी तापली की थांबतं. त्यात काही बिघाड नाही. काळजी तेव्हा करावी, जेव्हा इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही पांढरं येतच राहतं, कूलंटची टाकी वारंवार रिकामी होते आणि वास गोडसर असतो.

निळा धूर ऑइलचा. तो ओळखायला आपल्याला औट्रम घाट आहे. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, इंजिन गाडी रोखून धरत असतं, आणि आत तयार झालेल्या ओढीने झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल खाली खेचलं जातं. पायथ्याला येऊन ॲक्सिलरेटर दिला की मागून निळा लोट. तसं होत असेल, किंवा रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एकदाच निळं फेकत असेल, तर सील बघावेत. चढावर, भारावर सतत निळं येत असेल तर रिंगांचा संशय. दोन्ही कामांच्या खर्चात फार मोठा फरक आहे. म्हणून धूर कधी येतो हे सांगणारं गिऱ्हाईक मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर थांबू नका. एखादा प्लग किंवा कॉइल मिसिंग करत असेल तर न जळलेलं पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो तो याचसाठी, आणि त्या अवस्थेत लोक पुण्याला जाऊन येतात. टाकी ऑटो-कट झाल्यावरही अजून थोडं भरा म्हणायची सवय सोडावी. वरचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरून तो निकामी करतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मुद्दाम तपासून घ्याव्यात. गळती असेल तर विषय प्रदूषणाच्याही पुढे, आगीपर्यंत जातो.

गाडीच्या आत धुराचा वास येण्याबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वास येतो तो सोबतच्या वायूंना. मागच्या सीटवरची मुलं रात्रीच्या प्रवासात डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाली की आपण त्याला गाडी लागणं म्हणतो. दर वेळी ते तसंच नसतं. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलेलं असतं, फ्लेक्सिबल पाइप चिरलेला असतो, डिकीच्या दाराचं रबर गेलेलं असतं. सामान मावत नाही म्हणून डिकी दोरीने अर्धवट बांधून चालवली की मागे तयार होणाऱ्या कमी दाबामुळे धूर आत ओढला जातो. बंद गॅरेजात गाडी सुरू ठेवून गरम करणं तर जिवावरचं आहे. काचा उघडा, बाजूला थांबा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवून पाइप तपासून घ्या. पीयूसीशी याचा संबंध नाही, तुमच्या लेकरांशी आहे.

आता डिझेल. माझ्याकडे येणाऱ्या मागण्यांत सर्वांत चिंतेची मागणी अशी: "ईजीआर बंद करा, पिकअप येतो असं म्हणतात." ईजीआर जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात फिरवतो, ज्वलनाचं तापमान उतरवतो आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करतो. पत्र्याची चकती घालून तो बंद केला तर गाडीला थोडी तरतरी येते, काजळीही कमी दिसते, आणि पीयूसीत ती पास होते, कारण नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत. तोच प्रकार बीएस-६ डिझेलच्या डीपीएफचा. काजळी अडवणारा हा फिल्टर सुमारे सहाशे अंशांला स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी हमरस्त्यावर सलग चालणं लागतं. गुलमंडी ते उस्मानपुरा एवढ्याच फेऱ्या करणाऱ्याने डिझेल एसयूव्ही घेतली की तो तुंबतो, आणि मग फिल्टर कापून टाकायची मागणी येते. ही कामं मी करत नाही. माझ्या धंद्यातले जे करतात त्यांना मी हे तोंडावर सांगितलंय, इथेही सांगतो: ते दुरुस्तीचं काम नव्हे. कंपनीने गाडीत घातलेलं संरक्षण आपण पैसे घेऊन उखडतो आहोत.

चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरं, हा खेळ किती मोठ्या पातळीवर होतो हे जगाने सप्टेंबर २०१५ मध्ये पाहिलं. फोक्सवॅगन समूहाने डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं की चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरती स्वच्छ वागायची. भारतातल्या गाड्या पुण्याच्या एआरएआयने रस्त्यावर तपासल्या, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या बाहेर निघाले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या तीन लाख तेवीस हजारांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पाचशे कोटींचा दंड ठोठावला, त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. याच समूहाच्या स्कोडाचा कारखाना आपल्या शेंद्र्यात आहे. बजाजचा वाळूजला आहे, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या रांगेने आहेत, आता बिडकीनला इलेक्ट्रिक गाड्यांचे प्रकल्प येऊ घातलेत. इंजिनाचं इतकं ज्ञान ज्या शहरात राहतं, तिथे गाडीच्या धुराचं निदान करणारी व्यवस्था नसावी, हे मला लागतं.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपलं शहर आहे, शेजारचं जालनाही आहे. त्या कार्यक्रमात आपल्याकडे धुळीवर बोललं जातं. रस्त्यांची धूळ खरी आहे, झाडणं-शिंपडणं हवंच. पण क्रांती चौकात संध्याकाळी उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या छातीत जी काजळी जाते ती रस्ता झाडून जात नाही.

कायदा कडक नाही असं म्हणायची सोय नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण करू नये असं सांगितलं; त्यामुळे विमा नसलेल्या गाड्याच वाढायला लागल्या आणि जुलै २०२४ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. दिल्लीत महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला, त्यात मर्यादेबाहेरचे आकडे आलेल्या गाड्यांनाही पास केल्याची नोंद आहे. कागद न मिळण्याची भीती वाढवत नेली की लोक कागद मिळवायचे मार्ग शोधतात. गाडी नीट होत नाही.

यावर एक साधं साधन कायद्याने आधीच दिलेलं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२१ मध्ये देशभरासाठी पीयूसीचा एकच नमुना ठरवला आणि त्यात पहिल्यांदा नापासाची पावती आणली. आकडे मर्यादेबाहेर गेले की केंद्राने गाडीमालकाला ती पावती द्यायची, मालकाने ती घेऊन गॅरेजात जायचं. ही सोय फार शहाणपणाची आहे, कारण ती मालकाला आरोपी करत नाही, दुरुस्तीकडे पाठवते. पण माझ्या गॅरेजात अशी पावती घेऊन कोणी आलेलं मला आठवत नाही. इतका धूर या रस्त्यांवर असताना नापास कोणीच होत नाही, याचा अर्थ आरटीओने लावायला हवा. सगळी नोंद आता ऑनलाइन आहे. कोणत्या केंद्रावर वर्षभरात एकही गाडी नापास झाली नाही, हे रेल्वे स्टेशन रोडच्या कार्यालयात बसून काढता येतं. त्या केंद्रांची तपासणी आधी करावी.

गाडीमालकांकडूनही एक अपेक्षा आहे. निदानाचे पैसे द्या. तासभर स्कॅनर लावून, गाडी चालवून, पाइप तपासून मी काही बिघडलेलं नाही असं सांगितलं तर लोक पैसे द्यायला कुरकुरतात. हजारोंचा सेन्सर बदलून बिल दिलं तर समाधानाने देतात. मग गॅरेजवाले अंदाजाने पार्ट बदलत सुटतात. स्कॅनरवर पी ०४२० आला की कन्व्हर्टर बदला, हे शोधणं नव्हे. त्या कोडचं कारण पाइपची गळती किंवा ऑक्सिजन सेन्सरही असू शकतं. तुमच्या मेकॅनिकला विचारा: इंजिनचं तापमान किती दाखवतंय, लॅम्डा किती आला, पिकअप घेताना धूर कुठल्या रंगाचा निघाला. उत्तर देता आलं तर गाडी त्याच्याकडे ठेवा.

आणि गॅरेजवाल्यांनी नापासाच्या पावतीच्या मागे लिहून द्यावं: काय सापडलं, काय बदललं, दुरुस्तीआधीचा आकडा काय होता आणि नंतरचा काय आला. शहरातल्या गॅरेजांनी ठरवलं तर यासाठी कुठल्या जीआरची गरज नाही. महापालिकेने स्वच्छ हवेच्या निधीतून आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या मुलांना हाताशी धरून वॉर्डावॉर्डांत मोफत तपासणी लावावी, शिक्षा न करता, फक्त कारण सांगणारी. मुलांना खऱ्या गाड्यांवर शिकायला मिळेल. सुरुवात पालिकेच्या स्वतःच्या कचरागाड्या आणि टँकरांपासून व्हावी, आणि त्यांचे आकडे, पास असोत की नापास, पालिकेच्या फाटकावर लावावेत. माझ्या गॅरेजचा गॅस अॅनालायझर आणि माझा रविवार त्यासाठी मी द्यायला तयार आहे.